उणे एकशे अठ्ठ्याहत्तर

केलेराचं गणित कच्चं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक लगेच तोंड उघडतात, पोरीनं शाळेत लक्ष दिलं असतं तर वगैरे. तिनं लक्ष दिलं होतं. आमच्या राजधानीच्या, सुवाच्या बंदरावर बोटीची तिकिटं विकायची नोकरी सांभाळून तिनं दोन वर्षं कॉम्प्युटरचा कोर्स पुरा केला. तोही पहाटे उठून, वासिती आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कसाव्याच्या कंदाच्या साली बाजूला सारून. गुण असे पडले की आत्यानं ते कागद चर्चमध्ये नेऊन चार बायकांना दाखवले. चूक झाली ती एका बारीकशा आडव्या रेघेची.

ब्रिस्बेनच्या एका कंपनीत तिनं अर्ज केला होता. त्यांनी सात दिवसांचं कोडिंग चॅलेंज धाडलं. हवामान सांगणारी वेबसाइट बांधायची, एकहाती. समोर दिसणारं पान तुमचं, मागं राबणारा सर्व्हर तुमचा आणि माहिती ठेवायचा डेटाबेसही तुमचाच. शहराचं नाव टाकलं की ऊन, पाऊस, वारा दिसला पाहिजे. माणसाला आपली आवडती ठिकाणं साठवता आली, तर गुण जास्त.

"म्हणजे रांधायचं तू, वाढायचं तू आणि भांडीही तूच घासायची," आत्या म्हणाली.

"तसंच समज."

"मग लग्न काय वाईट होतं?"

आत्याचं बोलणं हे असं. केलेराच्या बापाची ती थोरली बहीण, नवरा वारल्यापासून सुवात एकटीच होती आणि नऊ वर्षांपूर्वी केलेरा शिकायला आली तशी तिच्याकडेच राहिली. रविवारी केलेरा टेबलाशी बसलेली दिसली की आत्या टोपी डोक्यावर चढवता चढवता टोमणा मारायची, "देवाच्या दिवशी हवामान देवालाच विचारावं." केलेरा हसायची, लॅपटॉप मिटायची आणि मुकाट्यानं चर्चला जायची. त्यामुळे सातातला एक दिवस तसाही गेलाच.

इनोके म्हणजे केलेराचा बाप. ती त्याला 'ता' म्हणायची, आमच्याकडे म्हणतात तसं. तो तिकडे लाऊच्या बेटांत, यानुलेवूला. बायको गेल्यावर लोकांनी सांगून पाहिलं, सुवाला जा, लेकीजवळ रहा. तो म्हणाला, सुवात मासे बर्फातले असतात. विषय संपला. दर दोन दिवसांनी तो शाळेमागच्या टेकडीवर चढायचा, कारण फोनला रेंज तिथंच, आणि केलेराला फोन लावायचा. ती चार वर्षांत घरी गेली नव्हती. दरवर्षी पुढच्या नाताळाला म्हणायची. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला ते लागून होतं.

पान तयार झाल्यावर तिच्या मनात आलं, पहिलं साठवलेलं ठिकाण आपलं गाव असू दे. शोधलं तर नकाशाच्या यादीत गावच नाही. तिनं टेकडीवरच्या फोनची वाट पाहिली.

"ता, गावाचे आकडे हवेत. तुझ्या होडीतल्या जीपीएसवर दिसतात ना, ते."

"का गं, गाव हरवलं का?"

"यादीत नाहीये आपलं गाव."

"ते कधी होतं? थांब, ते यंत्र माझ्या पिशवीतच आहे. चष्मा लावतो." बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला. "लिही. दक्षिण अठरा पॉइंट दोन. आणि एकशे अठ्ठ्याहत्तर पॉइंट आठ, पुढं डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे पश्चिम. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच बघू."

तिनं वाचून दाखवलं. बरोबर वाचलं, पश्चिमेसकट. त्या वहीत आजही तिच्याच अक्षरात ते तसंच आहे.

आता हे जरा नीट ऐकावं लागेल. जगाची पूर्व आणि पश्चिम जिथं पाठीला पाठ लावून बसतात, ती रेघ आमच्याच बेटांमधून जाते. सुवा रेघेच्या अलीकडं, पूर्वेत. लाऊ पलीकडं, पश्चिमेत. घड्याळ सगळ्यांचं एकच, चर्चची घंटा एकाच वेळी होते, म्हणून कुणाला त्या रेघेची आठवणही नसते. पण कॉम्प्युटरला पूर्व-पश्चिम कळत नाही, त्याला अधिक-उणे कळतं. दक्षिण असेल तर उणे, पश्चिम असेल तर उणे. दक्षिणेचं उणं केलेराच्या बोटांत बसलेलं होतं, अठरा म्हटलं की बोट आपोआप उण्याच्या रेघेवर जायचं. एकशे अठ्ठ्याहत्तरच्या आधी मात्र तिनं जन्मात कधी उणे लावलं नव्हतं, कारण सुवाचा आकडाही एकशे अठ्ठ्याहत्तरच. फरक काय तो पॉइंटनंतरचा. दुसऱ्या कुठल्या देशातल्या पोरीची ही चूक झालीच नसती. तिनं उणे अठरा पॉइंट दोन लिहिलं, एकशे अठ्ठ्याहत्तर पॉइंट आठ लिहिलं, आणि बटण दाबलं.

पानावर यानुलेवूचं नाव आलं. खाली ढग, पाऊस, वारा पंधरा नॉट. तिनं मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं तर सुवातही तसाच पाऊस. तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. चार वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, ता आणि मी एकाच आभाळाखाली आहोत. पुढचे कितीतरी दिवस ती सकाळी उठून आधी ते पान बघायची, मग बाहेर बघायची आणि दोन्ही जुळलं की खुश व्हायची. जुळणारच होतं. ते सुवाच्याच दारातलं पाणी होतं. गाव तिथून अडीचशे किलोमीटर दूर होतं.

तिनं बापाला त्या पानाची लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"तुझी ती फोनमधली खिडकी उघडली. पाऊस म्हणते. इथं तर थेंब नाही, पोरी."

"अंदाज असतो ता, थोडं पुढंमागं होतंच."

घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथं, आणि तिनं ते हसण्यावारी नेलं. त्यात दैवाचा खेळ असा की दोन दिवसांनी यानुलेवूला खरंच पाऊस आला. इनोके टेकडीवर भिजत उभा राहून फोनवर ओरडला, "आली की गं तुझी सर! दोन दिवस आधी सांगितलंस तू. रेडिओवाल्याला जमलं नाही ते." त्यानंतर आणखी एकदा वारा पडायचा अंदाज जुळला. झालं. त्या दिवसापासून तो गावभर सांगत सुटला, केलेराची खिडकी खोटं बोलत नाही. लोक दालोचे कंद लावायला जाताना त्याला विचारायला लागले. यांगोनाच्या, त्या मुळ्यांच्या पेयाच्या, वाटीपुढं बसून तो मांडीवर फोन ठेवून टेकडीवरून बघून आणलेलं हवामान वाचून दाखवायचा, पाद्री पवित्र ग्रंथ वाचतो तसं.

काम तर तिनं सातव्या दिवशीच कंपनीला पाठवलं होतं. पाठवण्याआधी पाच ठिकाणं तपासली. ब्रिस्बेन, सिडनी, ऑकलंड, सुवा, नांदी. सगळी रेघेच्या याच बाजूची.

काम पाठवल्यावर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, यानुलेवूच्या समुद्रात वादळी वारा आला. इनोके आणि त्याचा चुलतभाऊ सेतारेकी होडी घेऊन रीफच्या, प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेर गेले होते. रविवारी सगळ्या चर्चचं एकत्र जेवण होतं, त्यासाठी मोठा मासा हवा होता. दुपारी होडी उलटली. सेतारेकी पेट्रोलचा रिकामा कॅन कवटाळून रीफवर येऊन पडला. इनोकेचं शरीर दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्याला लागलं.

सोमवारी मालबोट सुटायची होती. आत्याचं आणि स्वतःचं तिकीट केलेरानं स्वतःच्या हातानं फाडलं, खिडकीच्या आतल्या बाजूनं. दीड दिवसाचा प्रवास. ती पोचली तेव्हा माती झालेली होती, वर पांढरी वाळू पसरून चटया अंथरलेल्या होत्या. गावाला थांबणं शक्यच नव्हतं, तिनं तसा दोषही दिला नाही. आत्या चटईवर पडून मोठ्यानं रडली, गावातल्या बायका तिच्याबरोबर रडल्या. केलेराला रडू येईना. तिला सारखं वाटत होतं की तो टेकडीवर गेलाय.

रीत असते त्याप्रमाणे रीफच्या तोंडाशी काठी रोवून तिला कापड बांधलं. इनोके गावचा म्होरक्या मच्छीमार, त्याच्या नावानं शंभर रात्री त्या पाण्यात कुणी जाळं टाकायचं नाही, होडी बाहेर काढायची नाही. संध्याकाळी सगळे बसले होते तेव्हा सेतारेकी काका तिच्याजवळ सरकला. त्याचे तळवे प्रवाळानं सोलवटलेले होते, त्यावर पानं बांधली होती.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "बरं वाटेल तुला. शनिवारी सकाळी तो किनाऱ्यावर उभा राहिला. आग्नेयेला आभाळाची कड काळी होती. मी म्हटलं, आज नको. त्यालाही दिसत होतं, त्याला का दिसणार नाही? बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून फोन काढला. सकाळीच टेकडीवर जाऊन बघून आला होता. म्हणाला, माझी पोर म्हणते दिवसभर ऊन, वारा आठ नॉट. म्हातारे डोळे खरे धरू की पोरीला? आणि हसला. रेडिओसुद्धा लावला नाही त्यानं. इतका विश्वास होता गं त्याचा तुझ्यावर."

तो हे प्रेमानं सांगत होता. केलेरानं मान हलवली. 'दिवसभर ऊन' एवढे दोन शब्द तेवढे तिच्या मनात अडकून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडीवर चढली. पाऊस कोसळत होता, समोरचा समुद्र दिसत नव्हता. रेंज आली तशी आधी एक ईमेल येऊन पडली. ब्रिस्बेनहून. तुमचं काम आम्हाला फार आवडलं, सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण, पुढच्या आठवड्यात बोलू या. तिनं ती वाचली आणि बाजूला केली. मग तिनं स्वतःचं पान उघडलं. यानुलेवू. लख्ख ऊन. वारा सात नॉट. पावसाची शक्यता शून्य.

ती ओलीचिंब उभी होती. फोनच्या काचेवरचं पाणी अंगठ्यानं पुसून तिनं पुन्हा पाहिलं. मग नकाशा उघडला. गावाचा निळा ठिपका सुवाच्या जवळ पाण्यात होता.

"ईसा, ता," ती म्हणाली, आमच्याकडे जीव हळहळला की म्हणतात तसं, आणि तिथंच चिखलात बसली. तेव्हा तिला रडू आलं. पावसात कुणाला ऐकू गेलं नाही.

दुरुस्ती करायला किती वेळ लागावा? सुवाला परतल्यावर तिनं लॅपटॉप उघडला, एक आडवी रेघ टाकली आणि मिटला. मिनिटभरही गेलं नाही. मग तिनं ब्रिस्बेनला पत्र लिहिलं की माझ्या कामात चूक होती, एका गावाचं हवामान खोटं दाखवत होतं, ते मी कळवते आहे. पुढचं काही लिहिलं नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं, फार सभ्य. प्रामाणिकपणा आवडला, अशा किरकोळ चुका सगळ्यांकडून होतात, अमुक तारखेपासून रुजू व्हा.

किरकोळ. हा शब्द तिच्या डोक्यात आठवडाभर भुणभुणत राहिला. नोकरी तिनं घेतली, सुवात बसूनच करायची होती. न घेऊन काय करणार होती?

आत्याला सांगायला तिला दहा दिवस लागले. आत्या खाली बसून नारळ खवत होती. केलेरानं वही आणून समोर ठेवली, लॅपटॉप ठेवला आणि बोटानं दाखवत सगळं सांगितलं. हे त्यानं सांगितलं, हे मी लिहिलं, हे मी टाइप केलं, हे राहिलं. आत्या खवत राहिली. खोबरं संपलं, करवंटी लागली तरी खवतच राहिली. पांढऱ्या किसात काळाभोर भुसा पडला.

"तुला बरोबर सांगितलं होतं त्यानं?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"तू वाचूनही दाखवलंस?"

"हो, आत्या."

"माझा एकच भाऊ होता," आत्या म्हणाली. तो सगळा कीस तिनं उचलला, मागच्या दारी नेऊन कोंबड्यांपुढं टाकला आणि पुढचे चार दिवस केलेराशी एक शब्द बोलली नाही. जेवायचं ताट मात्र झाकून ठेवायची. पाचव्या दिवशी तिनं कपाटातून एक ताम्बुआ काढला. देवमाशाचा दात, पिवळा पडलेला, दोरीसकट; आमच्यात तो लग्नात देतात तसाच माफी मागतानाही पुढं करतात. इनोकेच्या लग्नातला होता तो.

"शंभराव्या दिवशी जायचं," ती म्हणाली. "हा घेऊन सेतारेकीपुढं बसायचं आणि मला सांगितलंस ते सगळं तिथं सांगायचं. त्याचाही जीव जाता जाता राहिलाय. पत्रानं नाही, फोननं नाही, जमिनीवर बसून. ते काय करतील ते करतील."

"तू येशील?"

"मी बोलणार नाही. पण येईन."

शंभराव्या दिवशी सकाळी सेतारेकीच्या घरात पंधरा-वीस माणसं चटईवर बसली होती. केलेरा दारापासून गुडघ्यांवर सरकत आत गेली, ताम्बुआ दोन्ही हातांत धरून मान खाली घालून बसली आणि बोलू लागली. सर्व्हर, डेटाबेस असले शब्द तिथं काय कामाचे? ती म्हणाली, "तुम्ही खिडकी म्हणत होता ना, ती मी चुकीच्या भिंतीला बसवली. ता-नं मला बरोबर जागा सांगितली होती. मी लिहून घेतली आणि बसवताना विसरले. त्यानं शनिवारी पाहिलं ते सुवाचं आभाळ होतं. तो माझ्यामुळं गेला, काका. तुम्हीही गेला असतात." मागं कुठंतरी आत्या नाक ओढत होती.

सेतारेकीनं तिच्या हातांकडं पाहिलं. आता उठून जायला सांगतील म्हणून केलेरा वाट पाहत होती. मग त्यानं पुढं वाकून ताम्बुआ तिच्या हातून घेतला, माथ्याला लावला आणि मांडीवर ठेवला. घेतला म्हणजे झालं, आमच्यात त्यापुढं त्या गोष्टीचं उणंदुणं काढायचं नसतं. पण केलेराला काही सुटल्यासारखं वाटलं नाही.

"मी त्याला थांब म्हटलं होतं," सेतारेकी म्हणाला. "आणि तेवढं म्हणून झाल्यावर मीच होडी ढकलली. माझंही आहेच." त्यानं डोळे पुसले. "ती खिडकी नीट केलीस का?"

"केली."

"मग बघून ये. दुपारी काठी काढणार. आज जेवणाला पहिला मासा त्याच्या नावाचा हवा. जावं की नाही ते सांग."

तिला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. पण सगळे तिच्याकडंच बघत होते, कुणी चेष्टा करत नव्हतं.

ती टेकडीवर गेली. पान उघडलं. यानुलेवू, उणे एकशे अठ्ठ्याहत्तर पॉइंट आठ. ऊन, वारा आठ नॉट. तोच आकडा. तिनं नकाशा उघडून ठिपका पाहिला, दोनदा पाहिला. मग फोन खाली धरून बापासारखी आग्नेयेकडं तोंड करून उभी राहिली. कड स्वच्छ होती. समुद्र सपाट होता. खाली किनाऱ्यावर होडी पाण्यात ओढलेली होती आणि चौघं जण वर तिच्याकडं बघत उभे होते. 'जा' म्हणून हात वर करायचा, एवढंच काम होतं. आभाळ चांगलं होतं, पान खरं होतं, सगळं जुळत होतं, आणि तिचा हात काही केल्या उचलेना. तिनं 'ता' म्हणून हाक मारून पाहिली, तेवढी निघाली. मग तिला कळलं की 'जा' हा शब्द आपल्या तोंडून आता कधीच निघणार नाही.

"काय म्हणते?" खालून सेतारेकी ओरडला.

ती उत्तर न देता टेकडी उतरली. किनाऱ्यावर आली, चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात शिरली आणि होडीत चढून इनोकेच्या जागेवर बसली. आमच्याकडे बाया रीफच्या आत मासे धरतात, बाहेर जात नाहीत. एकानं काही बोलायला तोंड उघडलं. सेतारेकीनं त्याला हातानं थांबवलं.

"मी येते," केलेरा म्हणाली. "वारा आठ नॉट आहे."

सेतारेकीनं होडी ढकलली, आत चढला आणि पाणी उपसायचं डबडं तिच्या हातात दिलं.